कळ दाबल्यानंतरचा वेळ

लग्नाचा अल्बम हे इतिहासाचे साधन आहे असे म्हटले की ऐकणारा बहुधा हसतो. ताम्रपट, बखरी, मोडी कागद यांच्या रांगेत कोपरे उसवलेला, पानांना पाने चिकटलेला अल्बम कसा बसणार? तरी गेली काही वर्षे मी यवतमाळ, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा या भागांतली घरे आणि जुने स्टुडिओ यांतून हेच अल्बम पाहत हिंडतो आहे. सुरुवात केली ती शालू, दागिने, मांडवाची सजावट यांत काय बदलत गेले ते पाहण्यासाठी. ते बाजूला राहिले आणि लक्ष अडकले ते वरमालेत.

१९८० आणि ९० च्या दशकांतले, म्हणजे रोलवर काढलेले अल्बम घ्या. त्यांत एक फोटो बहुधा सापडतोच. अंतरपाट अर्धा खाली आला आहे, नवरीचे हात वर आहेत, हार नवरदेवाच्या डोक्यावर आहे आणि अजून गळ्यात पडायचा आहे. अक्षता हवेत आहेत, फ्लॅशच्या उजेडात एकेक दाणा वेगळा दिसतो. आता साधारण २००३ ते २००८ या काळातले, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर काढलेले अल्बम उघडा. हार गळ्यात पडून गेलेला आहे. अक्षता खांद्यावर, केसांत, सतरंजीवर आहेत. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो घडी करायला घेतला आहे. नवरीचे डोळे मिटलेले. सगळे काही घडून गेले आहे आणि कॅमेरा धावतपळत मागाहून पोहोचला आहे, असे ते फोटो दिसतात.

याला दुसरी कारणे असू शकतात, हे मला मान्य आहे. रोलच्या काळात फोटो काढणारा धंद्यातला माणूस असे. डिजिटल आल्यावर पुण्याच्या किंवा अमेरिकेच्या नातेवाइकाने आणलेला कॅमेरा घेऊन घरातला कोणीही पुढे सरसावला. हात नवखा, मग चूक त्याची. म्हणून मी मुद्दाम असे स्टुडिओ शोधले, जिथे एकाच माणसाने आधी रोलवर आणि मग डिजिटलवर काम केले आहे. त्यांच्याही कामात तोच फरक दिसला. माणूस तोच, नजर तीच, हाताची सवय तीच. मध्ये बदलले ते फक्त यंत्र. घाटंजीकडच्या एका जुन्या फोटोग्राफरला मी याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काय सांगू भाऊ, त्या पहिल्या कॅमेऱ्याचं बटन दाबाचं, च्या पिऊन याचं, मंग फोटो निंघे.” तंत्राच्या पुस्तकात ज्याला शटर लॅग म्हणतात त्याची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

शटर लॅग म्हणजे कळ दाबल्यापासून प्रत्यक्ष चित्र नोंदले जाईपर्यंत गेलेला वेळ. छायाचित्रणाचा इतिहास लिहिणारे बहुधा दुसऱ्याच वेगाबद्दल लिहितात. शटर किती वेळ उघडे राहिले, सेकंदाचा साठावा भाग की हजारावा, त्याबद्दल. तो वेग महत्त्वाचा आहेच, पण त्यावरून हार हवेत दिसणार की गळ्यात हे ठरत नाही. ते ठरते ‘आता’ असे मनाने म्हटल्यापासून यंत्राने ऐकेपर्यंतच्या फटीवर. या फटीचा वेगळा इतिहास आहे, आणि तो सरळ रेषेत सुधारत गेलेला नाही.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्या काळच्या ओल्या काचपट्टीला उजेड खायला काही सेकंद लागत. त्या वेळी वाट पाहण्याचे काम फोटो काढून घेणाऱ्याकडे होते. बसलेल्याने हलायचे नाही, डोके मागच्या लोखंडी चिमट्यात टेकवून ठेवायचे. पुढे रसायने तेज झाली, रीळ आले, आणि विसाव्या शतकात हा विलंब जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे घरोघरी दिसणारा यशिका एमएफ-२ सारखा कॅमेरा तर फोकस करण्याच्या भानगडीतच पडत नसे. भिंग एका जागी पक्के बसवलेले. कळ दाबली की पाते उघडले. धंदेवाल्यांकडच्या एसएलआरमध्ये आतला आरसा वर जायला थोडा वेळ लागे, तोही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर. १९९५ च्या सुमारास कॅननने ईओएस-१एन आरएस हा रोलवरचा कॅमेरा काढला. त्यात आरसा हलतच नसे आणि विलंब सेकंदाच्या हजार भागांपैकी सहा भागांवर आला होता. माणसाच्या डोळ्याने पाहून बोट हलायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे यंत्र माणसापेक्षा कितीतरी चपळ झाले होते.

आणि मग डिजिटल आले. त्याच्या जन्मापासूनच त्याला हा सुस्तपणा चिकटलेला होता. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचे एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, मागे पडदा असलेला कॅसिओ क्यूव्ही-१० बाजारात आला आणि काढलेला फोटो लगेच पाहता येऊ लागला. लोकांना त्याचे इतके अप्रूप की फोटो निघायला किती वेळ लागतो याकडे सुरुवातीला कोणाचे लक्षच गेले नाही.

हा वेळ नेमका कुठे जात असे ते जरा सावकाश पाहू, कारण आपल्या वरमालेचे उत्तर तिथेच आहे. त्या काळातल्या छोट्या कॅमेऱ्याची कळ दाबली की पहिल्यांदा तो फोकस शोधू लागे. एसएलआरमध्ये त्यासाठी वेगळा सेन्सर असतो आणि भिंग कुठल्या दिशेला किती सरकवायचे हे त्याला एका झटक्यात कळते. छोट्या कॅमेऱ्यात तो नव्हता. त्याला भिंग थोडे पुढे सरकवून चित्र पाहायचे, आणखी सरकवून पुन्हा पाहायचे, कडा धूसर होऊ लागल्या की मागे यायचे, असे चाचपडत जावे लागे. अंधारात किल्लीचे भोक शोधण्यासारखाच तो प्रकार. उजेड भरपूर असेल तर हे लवकर उरके. आपल्याकडची लग्ने मात्र गोरज मुहूर्तावर! सूर्य मावळलेला, मांडवात पिवळे बल्ब, समोर गर्दीची चुळबुळ. भिंग पुढेमागे होतच राही. फोकस सापडल्यावर उजेड मोजणे, रंगाचा तोल ठरवणे, सेन्सरवर साचलेला विद्युत्भार झाडून काढणे ही कामे उरतच. शिवाय डोळे लाल दिसू नयेत म्हणून खऱ्या फ्लॅशच्या आधी एक छोटा फ्लॅश उडे. नवरा-नवरीला वाटे, झाला फोटो. ती डोळे मिटत किंवा मान वळवत, आणि नेमका तेव्हाच खरा फ्लॅश पडे. त्या काळातल्या अल्बमांत इतक्या नवऱ्या डोळे मिटून का उभ्या आहेत, याचे हे एक साधे कारण.

भरीला मागचा पडदा. त्यावर दिसणारे चित्रही किंचित शिळे असते. घडणे आणि पडद्यावर उमटणे यांत थोडा अवधी जातोच. म्हणजे फोटोग्राफर आधी शिळे दृश्य पाहून निर्णय घेई, मग कॅमेरा आणखी उशीर करी. फोटो निघाल्यावर तो कार्डावर उतरेपर्यंत दिवा लुकलुकत राही आणि पुढची कळ दबत नसे. एकामागून एक फोटो काढायचे तर एसएलआरच हवा, आणि तिथेही मर्यादा होतीच. २००३ मध्ये आलेला कॅनन ३००डी सेकंदाला अडीच फोटो काढी, पण सलग चारच. मग त्याला दम खावा लागे. पुढच्या वर्षीचा निकॉन डी७० सेकंदाला तीन.

माझ्याजवळ जमलेले जुने कॅमेरे मी एका साध्या युक्तीने तपासतो. संगणकाच्या पडद्यावर शतांश सेकंद दाखवणारे घड्याळ चालू करायचे, ठरावीक आकडा दिसताच कळ दाबायची आणि फोटोत कोणता आकडा आला ते पाहायचे. दोन्हींमधला फरक म्हणजे माझ्या बोटाचा आणि यंत्राचा मिळून विलंब. कळ आधी अर्धी दाबून फोकस धरून ठेवला, तर हाच कॅमेरा एकदम हुशार होतो. माहितीपुस्तिकेत ही अर्ध्या कळीची युक्ती दिलेली असे. माहितीपुस्तिका कोण वाचतो?

आपल्या जुन्या कालगणनेत या विलंबाला नावही आहे. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. म्हणजे एक विपळ ०.४ सेकंदाचे. मुहूर्ताचा काटेकोरपणा ज्या मापाने सांगायचा, त्याच मापाने सांगायचे तर मांडवातल्या अंधुक उजेडात तो छोटा कॅमेरा दोन-तीन विपळे मागे असे. हार पडायला तेवढी विपळे पुरतात.

यावर फोटोग्राफरांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या शोधात फार मोलाचा वाटतो. त्यांनी यंत्राला दुरुस्त केले नाही, विधीला थांबवले. “हार वरच धरा… इकडे बघा… हं, आता घाला.” हे वाक्य आज प्रत्येक लग्नात ऐकू येते. थोडेफार थांबवणे रोलच्या काळातही होते, पण ते जेवणाच्या पंगतीत, भेटवस्तू देताना. मंगलाष्टकांच्या शेवटी, अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी विधी थांबवण्याची सवय मी पाहिलेल्या अल्बमांत या डिजिटल वर्षांतच ठळक होते. त्या फोटोंत हार पुन्हा हवेत दिसतो, पण नवरा-नवरी एकमेकांकडे पाहत नाहीत, कॅमेऱ्याकडे पाहतात. पुढे कॅमेरे वेगवान झाले, गरज संपली, थांबवणे मात्र राहिले. गुरुजींची कुरकुरही राहिली.

वेग आला तो मात्र एका मजेदार वाटेने. २००० साली ऑलिंपसने ई-१०० आरएस नावाचा कॅमेरा काढला. तो सेकंदाला पंधरा फोटो काढी, आणि त्याची खरी करामत वेगळीच होती: कळ अर्धी दाबली असताना तो गुपचूप फोटो काढून स्मृतीत ठेवत राही आणि पूर्ण दाबल्यावर दाबण्याच्या आधीचेही फोटो देई. चित्र जेमतेम दीड मेगापिक्सेलचे, त्यामुळे बाजारात त्याचे फारसे काही झाले नाही. कल्पना मात्र टिकली. २०११ च्या गॅलक्सी नेक्सस फोनपासून ‘शून्य शटर लॅग’ हा शब्द जाहिरातीत आला. फोनचा कॅमेरा उघडला की तो सतत चित्रे घेत असतो आणि जुनी पुसत असतो. आपण दाबतो तेव्हा तो नुकतेच होऊन गेलेले एक उचलून हातात देतो. उशीर संपला, कारण यंत्र आता आपल्या हुकमाची वाटच पाहत नाही. २००८ मध्ये कॅसिओच्या ईएक्स-एफ१ ने सेकंदाला साठ फोटोंपर्यंत मजल मारली. वरमालेचा एक फोटो चुकण्याची भीती गेली, आणि चाळीसपैकी कोणता ठेवायचा हा नवा व्याप सुरू झाला. लग्नानंतर सहा-सहा महिने अल्बम येत नाही, अशी तक्रार आता सगळीकडे ऐकू येते. विलंब शटरमधून निघून निवडीत जाऊन बसला आहे.

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, हार पडला काय आणि राहिला काय. पण ज्या वर्षांत मांडवातले फोटोग्राफर या विलंबाशी झगडत होते, त्याच वर्षांत जंगलातही हीच अडचण होती, आणि तिथे समोर वाघ होता.

जंगलातल्या रात्रीच्या छायाचित्रणाची सुरुवात विलंब जवळजवळ नसलेल्या युक्तीने झाली होती. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की पेट घेणारी पूड भडके आणि फोटो निघे. कळ दाबणारा वाघच, त्यामुळे माणसाच्या अंदाजाचा प्रश्नच नव्हता. एका रात्रीत एकच काच, पण वाघ नेमका चौकटीत. १९२७ च्या त्यांच्या पुस्तकाने हे फोटो जगापुढे आणले. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हेही चॅम्पियन यांनी हेरले होते. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत रोलवरचे कॅमेरे लावून याच पट्ट्यांच्या आधारे वाघ मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत उभी केली.

मग इथेही डिजिटल आले. सुरुवातीच्या अनेक डिजिटल ट्रॅपांत बाजारातला साधा छोटा कॅमेराच पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवलेला असे. बॅटरी वाचावी म्हणून तो झोपलेला. हलती उष्णता हेरणारा सेन्सर त्याला जागे करी. मग भिंग बाहेर येणार, फ्लॅश भरणार, फोकस होणार. दोन-तीन सेकंद सहज जात. आता हिशेब करा. वाघ निवांत चालीने ताशी साडेचार किलोमीटर चालतो असे धरले, तर सेकंदाला सव्वा मीटर होतात. दोन सेकंदांत अडीच मीटर, म्हणजे सबंध वाघ कॅमेऱ्यासमोरून निघून गेला. फोटोत उरते शेपटीचे टोक, नाही तर हलणारे गवत. शेपटीवरून वाघ ओळखता येत नाही. पुढे खास जंगलासाठी बनवलेल्या ट्रॅपांनी हा वेळ पाव-अर्ध्या सेकंदावर आणला. पाव सेकंदात तोच वाघ फूटभर सरकतो, आणि कूस पूर्ण मिळते. वाघाच्या उजव्या आणि डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लावतात, तेही नेमके समोरासमोर नाही, नाही तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो जाळतो.

आपल्या हवेची यात आणखी एक भर. सेन्सर हेरतो तो जनावराच्या अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक. विदर्भातल्या मे महिन्यात जमीन, दगड, झाडांची खोडेच इतकी तापतात की तो फरक उरत नाही, आणि सेन्सर पेंगत राहतो.

२०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. फोटो आले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यांत वाघांचे ७६,६५१. उरलेल्यांत बिबटे, हरणे, रानडुकरे, गुरे, गुराखी आणि वाऱ्याने हललेले गवत. इतका पसारा माणसांनी चाळणे अशक्य, म्हणून प्राण्यांची जात ओळखणारी आणि पट्टे जुळवणारी संगणकप्रणाली वापरावी लागली. लग्नाच्या अल्बमसारखेच झाले हे. वेळ आता निवडीत जातो.

याच गणनेच्या वर्षी आपल्या जिल्ह्यात टी-१ चे प्रकरण चालू होते. लोक तिला अवनी म्हणून ओळखतात. पांढरकवडा तालुक्यालगतचे टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे. (टिपाई देवीवरून पडलेले हे नाव, फोटो टिपण्याशी त्याचा संबंध नाही, तरी लिहिताना हात थबकतो.) टी-१ मात्र वावरत होती अभयारण्याबाहेर, पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातल्या झुडपी जंगलात, घाणेरीच्या जाळ्यांत आणि कपाशीच्या शेतांलगत. २०१६ ते २०१८ या काळातल्या तेरा मृत्यूंशी वनखात्याने या भागातल्या वाघांचा, मुख्यतः टी-१ चा, संबंध जोडला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिला पकडण्याच्या, ते न जमल्यास ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. शोधासाठी काय आणले नाही? हत्ती, पॅराग्लायडर, थर्मल ड्रोन, परदेशी जातीची कुत्री, अत्तरसुद्धा. या सगळ्यात जागेवर उभा राहून काम करत होता तो कॅमेरा ट्रॅप. वाघीण टी-१ च आहे, की त्या भागातला दुसरा वाघ आहे, हे सांगू शकणारा साक्षीदार तोच.

कॅमेरे आता चपळ झाले होते. त्यांच्या आत शटरचा विलंब राहिला नव्हता. तरी एक विलंब होता, आणि त्याला कोणत्याही माहितीपुस्तिकेत जागा नाही. फोटो निघतो रात्री दोन वाजता. कार्ड निघते उजाडल्यावर, वनरक्षक पायी फिरून पोहोचेल तेव्हा. मग ते संगणकाला लावायचे, पट्टे जुळवायचे, वायरलेसवर कळवायचे. तोवर वाघीण कित्येक किलोमीटर पुढे. फोटो सांगतो ती कुठे होती; ती कुठे आहे हे सांगत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे कापूस वेचणीचे दिवस. ओटीला कापूस बांधून खाली वाकून वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने सेकंदाचा पाव भाग आणि आठ तास यांतल्या दुसऱ्याच आकड्याला अर्थ होता. त्या हंगामात गावकरी घोळक्याने, काठ्या घेऊन, वनकर्मचाऱ्यांच्या सोबतीने शेतात जात.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावाजवळ टी-१ गोळी लागून मेली. बेशुद्ध करण्याची सुई आधी मारली आणि वाघीण अंगावर आल्यावर गोळी झाडली, असे सांगण्यात आले. नंतरच्या चौकशीत यावर प्रश्न उभे राहिले. वाद होता तो काही सेकंदांच्या क्रमाचा: आधी सुई की आधी गोळी, आणि गोळी लागली तेव्हा तिचे तोंड कुठे होते. ज्या वाघिणीचे वर्षानुवर्षांचे फोटो वेळेच्या अचूक शिक्क्यांसह जमा होते, तिच्या त्या सेकंदांसाठी शवविच्छेदनाचा आणि न्यायवैद्यक तपासणीचा आधार घ्यावा लागला.

तिची दोन पिल्ले जेमतेम वर्षाची होत आली होती. त्यांचा माग पुन्हा पाऊलखुणा आणि कॅमेरा ट्रॅप यांनीच काढला. मादी पिल्लू डिसेंबरमध्ये सापडले आणि त्याला पेंचला हलवले.